वही कोरी आहे, मग पोरगं शाळेत करतं तरी काय?

पत्र:

मावशी, मी घणसोलीला राहते. मुलगा सव्वाचार वर्षांचा आहे, यंदा ज्युनिअर केजीला घातलाय. शाळा बाजूच्याच सेक्टरला आहे, फी चांगलीच दणदणीत आहे. पण जूनपासून दिवाळी झाली तरी वहीत काही नाही, थोड्या उभ्या रेघा, थोड्या आडव्या आणि अंगठ्याचे ठसे मारून केलेला एक सुरवंट, बस. रोज विचारते आज काय शिकवलं, तर म्हणतो "खेळलो", फार तर "मातीचा साप केला". शेजारच्या बिल्डिंगमधली मुलगी याच्याच वयाची आहे, दुसऱ्या शाळेत जाते, तिला ए टू झेड लिहिता येतं, शंभरपर्यंत पाठ आहे, घरी होमवर्क येतो. सासूबाई म्हणतात पैसे भरून मातीतच खेळवायचं होतं तर गावी काय वाईट होतं. मिस्टर म्हणतात शाळा बदल नाहीतर हँडरायटिंगचा क्लास तरी लाव. मला टेन्शन पहिलीच्या अॅडमिशनचं आहे, चांगल्या शाळेत इंटरव्ह्यू घेतात म्हणे. मी ऐरोलीला जॉबला आहे, घरी यायला सात वाजतात. हे लोक तीन तास वर्गात नक्की करतात काय? मी काय करू? (मी लहान आहे, तू म्हणालात तरी चालेल.)
घणसोलीची एक आई

उत्तर:

बरं, तू म्हणते. आणि आधी उत्तरच देऊन टाकते, कारणं मागाहून. क्लास लावू नकोस. शाळा एवढ्यात बदलू नकोस. पण एक दिवस हाफ डे घे आणि वर्ग चालू असताना जाऊन बघून ये, कारण "खेळातून शिक्षण" असं गेटवर मोठ्या अक्षरात लिहिणाऱ्या सगळ्या शाळा ते खरंच करतात असं नाही, काही ठिकाणी नुसता टीव्ही लावून पोरं बसवलेली असतात आणि त्यालाही खेळच म्हणतात. तुझी शाळा कुठली आहे ते वहीवरून कळणार नाही, वर्गात पाय ठेवला तरच कळेल. मी ठाण्यात बरीच वर्षं बालवर्ग घेतलाय, तेव्हा काय बघायचं ते सांगू शकते.

तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात आवडलं काय सांगू, तो मातीचा साप. तू तो "फार तर" म्हणून लिहिलायस आणि मला वाटतं तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे. साप करायचा म्हणजे काय होतं बघ. आधी गोळा मळायचा, माती घट्ट असते म्हणून तळव्याचा सगळा जोर लावायचा, मग पाटावर ठेवून हात पुढे मागे फिरवायचा, जास्त दाबलं की मधेच तुटतो, कमी दाबलं की लांबच होत नाही, म्हणजे जोर नेमका किती लावायचा हे हाताला आपोआप कळत जातं आणि शेवटी चिमटीत धरून एवढीशी जीभ काढायची. पेन्सिल धरायला लागतं ते सगळं यात आलं, तळव्याची ताकद, जोराचा अंदाज, चिमूट. फक्त कागदावर काही उमटत नाही म्हणून आपल्याला ते अभ्यासात धरवत नाही.

आपल्या मनगटात आठ छोटी हाडं असतात, आणि मूल जन्मतं तेव्हा ती हाडं नसतातच, मऊ कूर्चा असते. ती वर्षानुवर्षं एकेक करून हाडात बदलत जाते, शेवटचं हाड तर साधारण दहाव्या वर्षाच्या आसपास होतं. म्हणजे तुझ्या सव्वाचार वर्षांच्या पोराचं मनगट अजून कच्चं आहे, अक्षरशः. अशा हाताला पानभर ए ए ए लिहायला बसवलं की तो पेन्सिल मुठीत आवळतो, खांदा उचलून अख्ख्या हाताने लिहितो, दुसऱ्या ओळीला "हात दुखतो" म्हणतो आणि आपण म्हणतो नाटकं करतोय. एकदा मूठ आवळून लिहायची सवय लागली ना, ती सोडवायला दुसरी-तिसरीच्या बाईंच्या नाकी नऊ येतात, मी बघितलंय.

बरं अक्षरं काढायची तर हाताला आधी आकार यावे लागतात आणि ते एका ठरलेल्या क्रमाने येतात, साधारण तीनला गोल, चारच्या आसपास अधिकच्या चिन्हासारखी फुली, पाचच्या जवळ चौकोन आणि त्रिकोण त्याच्याही नंतर, कारण तिरपी रेघ सगळ्यात अवघड. आता कॅपिटल ए बघ, दोन तिरप्या रेघा, त्या वर टोकाला जुळल्या पाहिजेत. के, एम, एन, डब्ल्यू, सगळीकडे तिरपं. मराठीतला अ घे, त्यात तर वळणं, आडवी, उभी, सगळंच एकदम. म्हणून वर्गात आधी स्टँडिंग लाईन, मग स्लीपिंग लाईन, मग स्लँटिंग, मग कर्व्ह असं चालतं. तुझ्या मुलाच्या वहीत ज्या उभ्या आडव्या रेघा आहेत ना, तो रिकामा कागद नव्हे, त्या वयाला जे यायला हवं ते तिथे आहे. आणि वहीत दिसतं त्याच्या कितीतरी पट त्याने फरशीवर खडूने, रव्याच्या ताटात बोटाने, हवेत हात फिरवून काढलेलं असणार, ते घरी येत नाही.

आता ती शेजारची मुलगी. तिला शंभरपर्यंत येतं, छान आहे, तिचं कौतुकच कर, आणि कृपा करून दोघांना समोरासमोर बसवून परीक्षा घेऊ नकोस. पण एक माहिती म्हणून सांगते. केंद्र सरकारचं निपुण भारत म्हणून अभियान आहे, २०२१ चं, त्यात कुठल्या वर्षी काय यावं ते ठरवून दिलंय. पहिलीच्या आधीचं जे वर्ष, म्हणजे आपलं सिनिअर केजी, ते संपताना मुलाला अक्षरं आणि त्यांचे आवाज ओळखता यावेत, दोन-तीन अक्षरी सोपे शब्द वाचता यावेत, १० पर्यंतचे आकडे ओळखून वाचता यावेत आणि वस्तू, आकार, घडलेल्या गोष्टी क्रमाने लावता याव्यात. दहा! ९९ पर्यंत वाचणं-लिहिणं हे पहिली संपतानाचं टार्गेट आहे. आणि तुझा मुलगा अजून सिनिअरलाही गेलेला नाही. तर मागे कोण पडलंय, कुठे पडलंय?

शिवाय शंभरपर्यंत म्हणणं वेगळं आणि मोजणं वेगळं. म्हणणं हे गाण्यासारखं असतं, चाल लागली की झालं. मोजण्यात बऱ्याच भानगडी आहेत. एका वस्तूला एकच आकडा, ना दोन ना शून्य, हे आधी. मग शेवटी जो आकडा म्हटला तेवढ्या सगळ्या मिळून वस्तू, हे कळणं. आज घरी गेलीस की बाटलीची सात झाकणं ठेव त्याच्यासमोर, मोजायला सांग, तो बोट लावून सातपर्यंत गेला की लगेच विचार, मग किती आहेत? बरीच मुलं या प्रश्नाला परत पहिल्यापासून मोजायला लागतात, त्यांना अजून कळलेलं नसतं की शेवटचा सात हेच उत्तर. नाही आलं तर घाबरू नकोस, हे याच वयात पक्कं होत असतं. आणि त्याच्या पुढची पायरी, तीच सात झाकणं लांब लांब पसरून ठेव, कितीतरी मुलं म्हणतील आता जास्त झाली. हे पियाजे नावाच्या स्विस माणसाने दाखवून दिलं होतं, सहा-सात वर्षांपर्यंत मुलांचं असंच होतं, तर ओरडून समजावण्यात अर्थ नाही.

वर्गात हे शिकवतात कसं, तर शिकवत नाहीतच. "आज चार जणांच्या टेबलला प्लेटा तू वाट" म्हणतात. तो तीन नेतो, एकाला मिळत नाही, तो मुलगा बोंब मारतो, हा परत जाऊन एक आणतो. झालं गणित. पण हे वहीत कुठे लिहिणार आणि तुला संध्याकाळी काय सांगणार, त्याच्या दृष्टीने त्याने फक्त प्लेटा वाटल्या.

कोपऱ्यात बाहुली-घर असतं, भातुकली असते, जुने फोन, पर्स, ओढण्या टाकलेल्या असतात, तिथे पोरं काय काय करतात ते बघायला तर मी पैसे देऊन जाईन. खुर्च्या एकामागे एक लावून ट्रेन तर प्रत्येक वर्गात होते, तुमच्या ट्रान्सहार्बरची असेल, एक जण ड्रायव्हर, एक जण नाकातून अनाउन्समेंट करणारा, "पुढील स्टेशन कोपरखैरणे" आणि मग तेच हिंदीत आणि मग तेच इंग्लिशमध्ये, तेही बरोबर क्रमाने. एकाला रिक्षावाला व्हायचं असतं, दुसरा विचारतो "स्टेशन?" आणि हा मान वळवून "नाय". (हे कोणी शिकवलं विचारू नका.) आता यात काय शिकला? खुर्चीला ट्रेन मानलं, म्हणजे एक वस्तू दुसरीच्या जागी ठेवता आली, आणि पुढे कागदावरच्या वेड्यावाकड्या रेघेला "क" मानायचं तेही हेच आहे ना. तीन भाषांतली पूर्ण वाक्यं स्वतःच्या तोंडून काढली. ड्रायव्हर एकच होणार म्हणून भांडण झालं आणि ते बाईंकडे न जाता मिटवलं, किंवा गेलं बाईंकडे, तरी "मला पण व्हायचंय" हे चावल्याशिवाय सांगता आलं. नर्सरीत जे चावतात ते ज्युनिअरला बोलायला लागतात, ही फार मोठी प्रगती आहे, हसू नकोस.

अक्षरांचंही तसंच. वाचायला येण्याच्या आधी कानाला आवाज सुटे करता यावे लागतात. म्हणून गोलात बसवून नावाच्या टाळ्या वाजवतात, सा-य-ली, तीन टाळ्या, ओम, एकच टाळी, मग एक टाळीवाला रुसतो. डबा खाताना बाई म्हणतात "क"ने सुरू होणारं कोणाच्या डब्यात आहे, काकडी, केळं, एखादी करंजी निघते दिवाळीनंतर. इंग्लिश मीडियममध्ये हेच फोनिक्स म्हणून चालतं, एस म्हणजे स्स्स, सापासारखा, बघ परत साप आला. ज्या मुलाला आवाज सुटे ऐकू येतात त्याला अक्षर दाखवलं की पटकन बसतं, ज्याला नाही त्याला ए टू झेड पाठ असून पुढे "कॅट" जुळवता येत नाही.

चिमणी भुर्र तू लहानपणी खेळली असशीलच. चिमणी उड, कावळा उड, म्हैस उड. म्हशीला बोट वर नाही करायचं. आता चार वर्षांच्या मुलासाठी हे महाकठीण, कारण हाताला सवय लागलेली असते आणि ऐनवेळी त्याला थांबवायचं असतं. लक्ष देऊन ऐकणं, लक्षात ठेवणं, स्वतःला आवरणं, सगळं त्या एका म्हशीत. पहिलीत जाऊन पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासाला बसायचं तर हे लागतं, आणि ते "गप बस" म्हणून येत नाही.

डब्याबद्दलही दोन शब्द, कारण आया फक्त "संपवला का" एवढंच विचारतात. झाकण स्वतः उघडणं, केळं सोलणं, सांडलं तर पुसणं, बाटली बंद करणं, हात धुताना बाही वर करणं. पहिलीत गेल्यावर मागे मागे फिरायला मावशी नसतात. तर कृपा करून त्याला असा डबा दे जो त्याला उघडता येतो, ते चार बाजूंनी क्लिप लावलेले डबे आमच्याच्याने उघडत नाहीत.

सासूबाईंचं आता. त्यांचं म्हणणं मला तरी टोमणा वाटत नाही, प्रश्न बरोबर आहे, माती गावीही होतीच की! आणि गंमत म्हणजे आपल्याकडची बालवाडी खरंच मातीतून उभी राहिली, तीही आपल्याच जिल्ह्यात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ, १९४५ ला बोर्डीत आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर. ही दोन्ही गावं आजच्या डहाणू तालुक्यातली, आणि तेव्हा डहाणू ठाणे जिल्ह्यातच होता, पालघर जिल्हा २०१४ ला वेगळा झाला. माँटेसरीबाईंची पद्धत त्यांना पटलेली, पण ते युरोपातलं महागडं साहित्य गावात आणायचं कुठून, तर त्यांनी शिंपले, बिया, पानं, दगड, माती यावरच सगळं बसवलं. आदिवासी मुलं शाळेत येईनात तर शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली, गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. आज देशभर अंगणवाडी म्हणतात त्याच्या मुळाशी हे काम आहे. त्याच्याही मागे गेलं तर १८३७ ला जर्मनीत फ्रोबेलने पहिली बालवाडी काढली, त्यातही ठोकळे, मातीकाम, कागदाच्या घड्या, पट्ट्यांचं विणकाम हेच होतं. तर आईंना सांग, माती बरोबर आहे, फी किती असावी हा वेगळा वाद आहे आणि त्यात मी त्यांच्या बाजूने आहे. मूल शिंपले मोजूनही तेच शिकतं जे हजारो रुपयांच्या लाकडी किटने शिकतं. आणि त्या काळ्या गाऊनमधल्या "केजी ग्रॅज्युएशन"ला पैसे मागितले तर माझ्याकडून निषेध नोंदव.

आता वर्ग बघायला जाशील तेव्हा. भिंतीवर मुलांनी काढलेली चित्रं बघ, वीसच्या वीस हत्ती एकसारखे, रेघेबाहेर एक ठिपका नाही, तर ते बाईंनी काढलेत असं समज. वेगवेगळे, भयाण, पाच पायांचे हत्ती असतील तर शाळा चांगली. सामान मुलांच्या हाताला येईल असं खाली ठेवलंय की कपाटावर, प्लास्टिक न काढलेलं, पालकांना दाखवायला? गोष्टीची पुस्तकं फाटलेली, चिकटवलेली आहेत का? असतील तर उत्तम, म्हणजे वापरतात. वर्गात आवाज असणारच, तो कसला आहे ते ऐक, मुलं बोलतायत की एकट्या बाईच ओरडतायत. रडणाऱ्या मुलाशी बाई काय बोलतात, हे एक बघितलंस तरी बाकी नाही बघितलं तरी चालेल. एका बाईंकडे किती मुलं ते विचार, केंद्राच्या २०१३ च्या बालशिक्षण धोरणात तीन ते सहा वर्षांसाठी वीस मुलांमागे एक मोठं माणूस असं दिलंय, चाळीस पोरं आणि एक बाई असतील तर कुठलीही पद्धत असो, कोंबलेलंच. आणि टीव्ही. "स्मार्ट क्लास" म्हणून रोज तास तास राइम्स लावत असतील तर मात्र तुझ्या मिस्टरांचं बरोबर आहे, शाळेला जाब विचारायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये सांगितलंय की तीन-चार वर्षांच्या मुलाला बसून स्क्रीन दिवसाला एक तासाच्या वर नको आणि हालचाल, धावपळ मिळून तीन तास तरी हवी. तुमच्याकडे एक बरं आहे, नेरूळचं वंडर्स पार्क काय, सेक्टरासेक्टरातली गार्डन्स काय, जागा आहे. हँडरायटिंग क्लासचे पैसे रिक्षाला घाल आणि रविवारी घेऊन जा, लोंबकळू दे, चढू दे. लोंबकळल्याने खांदा आणि मूठ पक्की होते, त्याचाच पुढे लिहिताना उपयोग.

होमवर्क मागू नकोस शाळेकडे. २०२२ चा पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा स्पष्ट म्हणतो की तीन ते सहा वयाला नेमलेली पाठ्यपुस्तकं नकोत आणि या टप्प्यावर लेखी परीक्षा-चाचण्या तर अजिबात योग्य नाहीत. पालक मागतात म्हणून कितीतरी शाळा गुपचूप वह्या सुरू करतात, बाईंना पटत नसतं तरी. आम्हीही पालकसभेच्या आधी चार पानं भरून घेत होतो, खोटं कशाला बोलू, सगळीकडे चालतं हे.

इंटरव्ह्यूची भीती. शिक्षण हक्क कायदा २००९, त्याचं कलम १३ वाच, पहिलीच्या प्रवेशाला मुलाची किंवा आईबापांची कसलीही चाचणी, मुलाखत घ्यायला बंदी आहे, घेतली तर पहिल्या वेळी २५ हजार आणि पुढे प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत दंड. तरी "इंटरॅक्शन" म्हणून बोलावतात, माहितीये मला, तिथेही नाव काय, काय आवडतं, हे कुठलं फळ, एवढंच चालतं आणि खेळून मोठं झालेलं मूल तिथे घडाघडा बोलतं, पाठांतरवालं आईकडे बघत बसतं. वयाचं म्हणशील तर महाराष्ट्रात पहिलीला त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला सहा पूर्ण लागतात, त्या हिशेबाने तुझा मुलगा अगदी वेळेवर आहे, घाई नाही. तुझी शाळा फक्त केजीपर्यंतची असेल तर एक काम मात्र आत्ता कर, आसपासच्या कुठल्या शाळा पहिलीला बाहेरची मुलं घेतात आणि फॉर्म कधी निघतात ते विचारून ठेव. सिनिअरच्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरला धावपळ होते ती अभ्यासाने नाही, या माहितीअभावी.

सात वाजता घरी येतेस, थकलेली असतेस, तुला मी वर्कशीट देणार नाही. पोळ्या करताना त्याला कणकेचा गोळा दे, वेडीवाकडी का होईना लाटू दे. मटार सोलायला दे, आता थंडीत येतीलच. कपडे काढताना चिमटे त्याला काढू दे, चिमूट पक्की करायला त्याच्याइतकं चांगलं काही नाही आणि फुकट आहे. घड्या घालताना मोज्यांच्या जोड्या जुळवू दे. आणि आईंना एक जबाबदारी सोपव, रोज एक गोष्ट, गावाकडची, भुताची चालेल, त्यांच्या बोलीतली. इंग्लिश मीडियम म्हणून घरी "ॲपल ईट कर" चालू असेल तर ते बंद. ज्या मुलाकडे स्वतःच्या भाषेत भरपूर शब्द आहेत, "मग काय झालं" आणि "का" विचारायची सवय आहे, त्याला दुसरी भाषा जड जात नाही. आज्जींनी गोष्ट सांगायची, दुसऱ्या दिवशी त्याने तीच बाबांना सांगायची, क्रम चुकला तरी टोकायचं नाही.

"आज काय शिकवलं" हा प्रश्न सोड. त्याचं उत्तर कोणत्याच मुलाला येत नाही. विचार, आज कोण रडलं? ट्रेनचा ड्रायव्हर कोण झालं? कोणाच्या डब्यात काय होतं? बघ कसा सुटतो.

काळजी कशाची करायची तेही सांगते. या वयात चार-पाच शब्दांचं वाक्य बोलत नसेल, बाहेरच्या माणसाला त्याचं बोलणं बहुतेक कळतच नसेल, हाक मारली तरी वळत नसेल, इतर मुलांच्यात कधीच जात नसेल, किंवा आधी येत होतं ते आता येईनासं झालं असेल, तर शाळा बदलून उपयोग नाही, सरळ बालरोगतज्ज्ञांकडे जायचं, "मुलगे उशिराच बोलतात" ऐकत बसायचं नाही. तुझ्या पत्रावरून यातलं काही दिसत नाही. अक्षर येत नाही हे या यादीत नाहीये.

मिस्टरांना वर्ग बघायला सोबत ने, एकटी जाऊन येऊन सांगितलंस तर पटणार नाही. शाळेने "पालकांना आत अलाउड नाही" म्हटलं तर एकदम चिडू नकोस, पहिल्या महिन्यात मुलं रडतात म्हणून तसा नियम असतो, पण आता दिवाळीनंतरही एक अर्धा तास दाखवायला तयार नसतील, वेळ ठरवूनही नाही, तर मग मला परत लिही, तेव्हा शाळा बदलायचं बोलू. आणि त्यांनी दाखवलं तर टीव्ही रोज किती वेळ लावतात ते बाईंना नको, खाली मावशींना विचारून ये, त्या खरं सांगतात.